लाल बादली

हॉस्पिटलातल्या बाकावर मला पाच मिनिटंसुद्धा बसवत नव्हतं. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी जिन्यापासून पाण्याच्या कूलरपर्यंत आणि तिथून ताईच्या खोलीच्या दारापर्यंत खेपा घालत होते. दर खेपेला दाराच्या काचेतून आत बघायचं आणि परत फिरायचं. आत ताई तशीच पडलेली. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले, हाताला सलाईन. दाखल केल्याचा तिसरा दिवस होता आणि ताप एकशे चारच्या खाली यायचं नाव घेत नव्हता.

"अहो बाई, बसा की जरा," नर्स म्हणाली. "तुमच्या चालण्याने पेशंट बरी होणार आहे का?"

"बसण्याने होणार असेल तर सांगा, लगेच बसते."

ती फाईल उचलून निघून गेली. माझ्याशी बोलून लोक सहसा एवढ्यावरच थांबतात. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला कुणी सांगायला नको. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई पंधरा. तिने मला वाढवलं, आणि वाढवताना फार लाडावलं. पाचवीत मी गणितात नापास झाले तेव्हा बाबांच्या हाती लागू नये म्हणून तिने माझं प्रगतिपुस्तक चार घड्या घालून शिवणाच्या डब्यात बटणांखाली दडपलं होतं, आणि महिनाभर रोज संध्याकाळी माझ्याकडून गुणाकार करून घेतले होते. मला लागेल असं काहीही तिने कधी माझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. त्यामुळे मी कायम बरोबरच असते, असा माझा लहानपणापासूनचा समज.

नोकरीही मला अशीच मिळाली, कायम बरोबर असण्याची. मी दूध संकलन केंद्रात दूध तपासते. गायीला औषध दिलं की ते काही दिवस दुधात उतरतं, आणि तसलं दूध लोकांच्या घरी जाऊन चालत नाही. ते पकडणं माझं काम. माझ्याकडे बोटाएवढ्या कुप्या असतात. कुपीत जांभळी जेली, जेलीत निरुपद्रवी जंतू पेरलेले. वर दुधाचे दोन थेंब टाकायचे, कुपी गरम ठोकळ्यात ठेवायची आणि तीन तास वाट बघायची. तोवर सगळ्यांचे कॅन थंड खोलीत. दूध स्वच्छ असेल तर जंतू मजेत वाढतात आणि जेली पिवळी होते. दुधात औषध असेल तर जंतू मरतात आणि जांभळं ते जांभळंच राहतं. म्हणजे जंतू जगले की मी खूश. जांभळी कुपी निघाली की कॅन परत. मग समोरचा हात जोडो नाहीतर शिव्या देवो. केंद्रावर माझ्या पाठीमागे मला 'जांभळी' म्हणतात. पाठीमागे कसलं, आता तोंडावरही म्हणतात.

तर ही जांभळी तीन दिवस नुसती येरझारा घालत होती, आणि तिच्या बहिणीच्या रक्तात काय वाढत होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्ताचा नमुना ताटलीवर लावला होता. कुठला जंतू आणि तो कुठल्या औषधाने मरतो, हे कळायला अजून दोन दिवस लागणार होते. तोपर्यंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांना लागू पडतं ते औषध चालू ठेवू. सलाईनच्या स्टँडला लावलेल्या तक्त्यावर त्या औषधाचं नाव लिहिलं होतं. इतक्या खेपांत मी ते इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटले तरी दिसायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे ती माझ्या घशात अडकणार आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना विचारलं होतं, "घरी गुरं आहेत म्हणता. त्यांच्यात काही आजार?" भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. शब्द मोजून बोलणारा माणूस. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले होते. "छे! तो गोठा माझ्या नजरेखाली आहे. सात वर्षांत त्यांचं दूध एकदाही जांभळं आलेलं नाही." डॉक्टरीणबाईंना जांभळं म्हणजे काय ते कळलं नसावं, पण माझा सूर कळला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. भाऊजींनी उघडलेलं तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता भाऊजींचा फोन आला. "धार काढायची वेळ झाली. एकट्याने होत नाही. येतेस?"

ताईला त्या अवस्थेत सोडून जायला जीव धजत नव्हता. पण बावीस गायींच्या कासा काही हॉस्पिटलचं वेळापत्रक बघून भरत नाहीत. नर्सला माझा नंबर दोनदा लिहून दिला आणि स्कूटर काढली. अर्ध्या तासाचा रस्ता मी वीस मिनिटांत कापला. वाटेत एका ट्रकवाल्याने मला काहीतरी सुनावलं. मीही त्याला सुनावलं. कुणावर तरी ओरडायला मिळालं म्हणून तेवढंच बरं वाटलं.

गोठा नेहमीसारखाच लख्ख होता. ताईची शिस्तच तशी. फरशी धुतलेली, गव्हाणीत वैरण, यंत्राच्या नळ्या खुंट्यांवर ओळीने. भाऊजी गायींकडे वळले आणि मी वासरांच्या बाजूला गेले. त्या बाजूला मी एरवी फारशी जात नाही. माझा संबंध दुधाशी, वासरं काही दूध देत नाहीत. अकरा कप्पे होते. चार रिकामे. एका कप्प्यात तांबडं वासरू मान टाकून पडलं होतं, शेपटीखाली पातळ, पिवळट घाण.

"भाऊजी, बाकीची वासरं कुठे?"

"गेली," ते गायीच्या पलीकडून म्हणाले.

"गेली म्हणजे? विकलीत?"

"मेली. तीन आठवड्यांत चार. हगवण लागते, ताप चढतो, संपलं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

ते उभे राहिले. हातातला फडका त्यांनी दोनदा पिळला. "पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगणार होतो. तू बोलू दिलं नाहीस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. उलट उत्तर द्यायची सवय इतकी मुरलेली, की ओठ हललेही. पण या वेळी बाहेर आला तो प्रश्न.

"औषध काय देत होतात?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी फ्रिजमधून बाटली आणून माझ्या हातात ठेवली. "गुरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पूर्वी एका सुईत वासरू उठून उड्या मारायचं. आता पाच-पाच दिवस टोचा, ढिम्म फरक नाही. हे तांबडं बघतेस ना? ह्याला जन्मल्यापासून तुझ्या ताईने हाताने पाजलंय. दूध ओढत नव्हतं तर तोंडात बोटं घालून घालून शिकवलं. हातातला घास ठेवून उठायची त्याच्यासाठी."

मी बाटलीवरचं नाव वाचलं. ते स्टँडवरच्या तक्त्यातलं नाव नव्हतं. पण दोन्हींच्या नावाचा पहिला तुकडा एकच होता, आणि एवढी वर्षं या कामात घालवल्यावर त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही दोन्ही औषधं सख्खी भावंडं. वासरांना जे चालेनासं झालं होतं, त्याचाच भाऊ तीन दिवस ताईच्या शिरेत थेंब थेंब जात होता.

बाटली हातात धरून मी तशीच उभी राहिले. इतक्यात भाऊजी आपल्या नेहमीच्या पद्धतीने कोपऱ्यातल्या आकड्यावरची लाल बादली काढून घेऊन आले. चौदा नंबरच्या गायीची कास सुजली होती, तिच्या सडात औषधाची ट्यूब सोडलेली. तिचं दूध त्यांनी वेगळं, लाल बादलीत काढलं. आणि बादलीतून ते वासरांच्या बाटल्यांत ओतायला लागले.

"थांबा! हे काय करताय?"

"वासरांना पाजतोय."

"औषधाचं दूध? अजून पाजता?"

"अजून म्हणजे?" भाऊजी पहिल्यांदा चिडलेले दिसले. "तूच सांगितलंस ना! सात वर्षं तेच करतोय. तुझाच शब्द आहे तो."

खरंच माझाच शब्द होता. तो दिवस मला लख्ख आठवला. सात वर्षांपूर्वी ताईचा कॅन मी परत पाठवला होता. बहीण असली तरी जांभळं ते जांभळं. मला त्याचा केवढा अभिमान होता! संध्याकाळी तिच्या घरी गेले तर ताई गटाराशी कॅन घेऊन बसलेली, डोळे भरलेले. भुकेल्या घरात वाढलेली बाई, दूध गटारात ओतायला तिचा हात होईना. मला म्हणाली, "तुझ्या केंद्रात नको, ठीक. मग हे दूध ओतू कुठे?" आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, क्षणाचाही विचार न करता म्हटलं होतं, "टाकतेस कशाला वेडे? वासरांना पाज. टाकीत आलं नाही म्हणजे झालं."

तिचा चेहरा असा उजळला होता! दुसऱ्या दिवशी तिने एक बादली लाल रंगवली. औषधाचं दूध लाल बादलीत, बाकीचं कॅनमध्ये, चुकायचा प्रश्नच नाही. पुढे केंद्रावरच्या बायकांनी विचारलं, बाई, एवढं शिस्तीचं कसं जमतं तुमच्या ताईला? मी प्रत्येकीला लाल बादली सांगितली. अकरा गोठ्यांत लाल बादल्या लागल्या. जांभळ्या कुप्या जवळजवळ बंद झाल्या आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी रोज तीन तास डोळ्यांत तेल घालून बघत होते की औषधाचा एक थेंब लोकांच्या दुधात जाऊ नये, आणि तेच थेंब सात वर्षं रोज, थोडे थोडे, वासरांच्या पोटात जात होते. पोटातले जे जंतू त्याने मरायचे ते मरत होते. जे मरत नव्हते ते पिढ्यान् पिढ्या पोसले जात होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला हे कळायला हवं होतं. कुपीत जंतू मरतात की जगतात हेच तर मी रोज बघत होते.

मी बाटल्या भाऊजींच्या हातातून ओढून घेतल्या आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्यातरी अडलेल्या गायीकडे चालले होते, गाडीचा आवाज येत होता.

"बरं झालं तूच फोन केलास," ते म्हणाले. "ताईने सांगितलं ना तुला?"

"काय सांगायचं होतं?"

"मेलेल्या वासराचा नमुना मी प्रयोगशाळेत पाठवला होता. रिपोर्ट येऊन चार दिवस झाले. तिच्याच हातात दिला. साधी हगवण नाही ती, रक्तात उतरणारा जंतू आहे. आणि बहुतेक औषधांना दाद देत नाही. मी तिला बसवून सगळं समजावलं. लाल बादली आजपासून बंद, म्हटलं. हो म्हणाली. पण एक विनंती केली. म्हणाली, धाकटीला तुम्ही काही बोलू नका. बादली तिने सांगितलेली आहे, तिला फार लागेल. मी सांगेन तिला माझ्या पद्धतीने."

"डॉक्टर, ताई हॉस्पिटलमध्ये आहे. तीन दिवस झाले. ताप उतरत नाही."

गाडीचा आवाज थांबला. त्यांनी बाजूला घेतली असावी. "मला माहीतच नव्हतं. तो कागद घेऊन आत्ताच्या आत्ता माणसांच्या डॉक्टरांकडे जा. माझी प्रत ऑफिसात आहे, ऑफिस उद्या उघडेल. उद्याची वाट बघू नकोस."

भाऊजींना कागदाचा पत्ताच नव्हता. "गुरांचे डॉक्टर येऊन गेले त्या संध्याकाळी तिला थंडी भरली," ते म्हणाले. "दातावर दात आपटत होते. मला म्हणाली, उद्या तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या दिवशी बोलण्याच्या शुद्धीतच नव्हती." आणि ते कपाट उपसायला लागले. गादी उलथी केली. औषधांच्या फडताळातल्या बाटल्या खाली काढल्या.

मी घरात शिरले ती सरळ शिवणाच्या डब्याकडे. डबा अजून तोच आहे, झाकणावरचा रंग उडालेला. रिळं बाजूला केली, बटणं जमिनीवर ओतली. तळाशी कागद होता. चार घड्या घातलेला.

उघडून वाचला. नऊ औषधांची नावं, प्रत्येकासमोर शेरा. सात नावांसमोर 'लागू नाही'. दोनांसमोर 'लागू'. गोठ्यातलं औषध त्या सातांत होतं. त्याच्या खालच्याच ओळीत ताईच्या सलाईनमधलं.

मला रडायला वेळ नव्हता, तरी रडू आलं. स्कूटरवर बसून रडले, वाऱ्यात डोळे आपोआप पुसले जात होते. ती मला वाचवत होती. तापाने फणफणताना, पाचवीतल्या नापास पोरीला वाचवावं तसं मला वाचवत होती, आणि त्यापायी मरायला टेकली होती. मला तिचा इतका राग आला की ती समोर असती तर मी भांडले असते.

डॉक्टरीणबाई दिवसाचं काम उरकून निघाल्या होत्या, खांद्याला पर्स होती. जिन्यात गाठून मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या वाचला.

"हा वासराचा रिपोर्ट आहे."

"हो. ताई त्या वासरांना हाताने पाजायची. तोंडात बोटं घालून. जेवता जेवता उठून जायची."

"तुम्ही तर म्हणाला होतात की गोठ्यात काही आजार नाही."

"म्हणाले होते. मला माहीत नसताना म्हणाले होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "वासराचा जंतू आणि तुमच्या बहिणीचा जंतू एकच असेल असं नुसत्या अंदाजावर मला धरता येत नाही," त्या म्हणाल्या. "ही दोन उरलेली औषधं आहेत ना, ती आम्ही शेवटची म्हणून राखून ठेवतो. उगाच वापरली तर तीही जातील. मला सांगा, हा जंतू एवढा निर्ढावला कसा? त्या गोठ्यात नेमकं काय होत होतं?"

इथे मी वाक्य गुळमुळीत करू शकले असते. औषधं जरा जास्त झाली, असं म्हणता आलं असतं. पण आत काचेपलीकडे ताई होती.

"औषध दिलेल्या गायींचं दूध वासरांना पाजत होते," मी म्हटलं. "सात वर्षं, जवळजवळ रोज. याच जातीची औषधं."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी. मी दूध तपासनीस आहे. मी सांगितलं."

जिन्यातून दोन माणसं खाली गेली. त्यांनी ऐकलं असेल. डॉक्टरीणबाईंनी पर्स खांद्यावरून काढली आणि परत वर चढायला लागल्या. चढता चढताच प्रयोगशाळेला फोन लावला. "ताटलीवर काही दिसतंय का? दिसतंय? मग त्याच्यावर नेहमीच्या औषधांबरोबर मी सांगते ती दोनही आजच लावा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर तीन दिवस वाचले असते. आता तिचा रक्तदाब घसरायला लागलाय. औषध बदलते. बाकी उद्या कळेल."

सलाईनची बाटली बदलली. तक्त्यावरचं नाव खोडून दुसरं लिहिलं गेलं. मी आणि भाऊजी बाहेर होतो. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. मी मात्र त्यांना सुनावलं, की चार वासरं मरेपर्यंत गप्प कसे बसलात? ते म्हणाले, "तुझ्यापुढे बोलायला कुणाला जमतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप एकशे दोन झाला. मी थर्मामीटर नर्सच्या हातून घेऊन स्वतः बघितला. तिने परत मागितला तरी दिला नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेचा निरोप आला. जंतू तोच. सात औषधांना दाद न देणारा, दोनांनी मरणारा. त्याच्या पुढच्या दिवशी ताप शंभरवर आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर ताई उशीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले, केस विस्कटलेले, पण डोळे तिचे होते.

मी दारातच थबकले. सहा दिवस जे बोलायचं होतं ते सगळं एकदम आठवलं आणि एकदम विसरलं.

"डबा उघडलास ना?" तिने विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"हो."

"बटणं सगळी सांडली असशील."

"सांडली. भाऊजींनी गोळा केली."

"तरी वाटलंच." तिने डोळे मिटले, परत उघडले. "सांगणारच होते गं तुला. जरा बरं वाटल्यावर."

"तुला बरं वाटलंच नसतं ताई!" माझा आवाज नको तेवढा चढला. "तू मेली असतीस. मला लागेल म्हणून? लागू दे की! मी काय पाचवीत आहे? तू त्या बादलीचं मला सांगितलं असतंस तर..." मी तिच्या पांघरुणात तोंड घातलं आणि रडले. तिचा हात माझ्या डोक्यावर आला. हलका झाला होता हात.

"तांबडं?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"गेलं. परवा."

तिचा हात माझ्या डोक्यावरच थांबला. "पाजत मीच होते," मग म्हणाली. "पहिलं वासरू गेलं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. तू एकटीच घेऊ नकोस सगळं अंगावर." आणि मग तिला गोठा आठवला, कारण ती ताई आहे. "चौदा नंबरची ट्यूब चालू असेल ना अजून? तिचं दूध काय करताय?"

"कॅनमध्ये भरून ठेवलंय. बाजूला. वासरांना नाही देत."

"किती दिवस भरून ठेवणार? ते ओतायचं कुठे मग?"

तोच प्रश्न. सात वर्षांपूर्वी गटाराशी बसून विचारलेला, त्याच आवाजात. आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, एक सोडून तीन. खड्डा करा. शेतात सोडा. गटारात द्या. एकेक उत्तर मी ओठापर्यंत आणलं आणि परत गिळलं. खड्ड्यातलं विहिरीत जाईल. शेतातलं मातीत राहील. गटार जातं कुठे ते मी कधी बघितलेलं नाही.

"मला माहीत नाही, ताई."

तिने मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "काय म्हणालीस?"

"माहीत नाही म्हटलं."

"परत म्हण."

"माहीत नाही!"

ती हसली. हसता हसता खोकला आला, मी पाण्याचा पेला धरला. "तुझ्या भाऊजींना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही," ती म्हणाली. पाणी प्यायली, पेला परत दिला, आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "बाकीच्या गोठ्यांचं काय? किती आहेत?"

"तुझा सोडून दहा."

"मग इथे काय करतेस?"

मी निघाले. पहिला गोठा केंद्राच्या मागच्या रस्त्यावरचा, एका विधवा काकूंचा. फाटकातूनच लाल बादली दिसली, आकड्याला लटकवलेली, या महिन्यात परत रंगवलेली. काकू वासरांच्या कप्प्यात बसल्या होत्या. नवीन वासरू होतं, दूध ओढायला शिकत होतं. काकूंची दोन बोटं त्याच्या तोंडात होती, आणि मांडीवर अर्धी खाल्लेली भाकरी.

"या या, जांभळी बाई!" त्या हसून म्हणाल्या. "आमचं काही जांभळं निघालं की काय? निघणारच नाही. तुम्ही सांगितल्यापासून एक थेंब तुमच्या टाकीत नाही, आणि एक थेंब वायाही नाही."

"काकू, आधी भाकरी खाली ठेवा आणि साबणाने हात धुवून या," मी म्हटलं. "मग बसा माझ्याजवळ. तुम्हाला मी एक चुकीचं सांगितलंय."

त्या गोंधळून नळाकडे गेल्या. मी तिथल्या पालथ्या पाटीवर बसले, आणि त्या हात धुवून येईपर्यंत उठले नाही.